तीन भाकरींची घट

दळण संपलं, चक्कीचा आवाज उतरला की ती पुढं व्हायची आणि पिठाच्या सोंडेला बांधलेल्या फडक्यावर तळहातानं थापट्या मारायची. एक, दोन, तीन. मग वाकून आत बघायची, आणि पुन्हा एक, दोन, तीन. "हाय की अजून त्यात," म्हणायची. फडक्यातून चिमूटभर पीठ भुरभुरत डब्यात पडलं की तिचं समाधान व्हायचं. मागं रांगेत उभ्या असलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

मला तिची किळस यायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल, याला आतून तिची दया येत असणार. येत नव्हती. जमिनीवर सांडलेला जोंधळा ती दाणा दाणा वेचायची, उंदराच्या लेंड्या बोटानं बाजूला सारून. ते बघितलं की मी तोंड फिरवायचो. किळस आजही येते, पण आता तिची नाही.

कोल्हापुरात, राजारामपुरीच्या मागच्या अंगाला एका गल्लीत माझी पिठाची गिरणी होती. नव्वदच्या आसपासची गोष्ट. तेव्हा पुढच्या रस्त्याला दवाखाने आणि क्लासेस वाढायला लागले होते, मागच्या गल्ल्यांत मात्र अजून भाड्याच्या खोल्या आणि सामाईक नळ. ती माझ्यापासून तीन दारं सोडून राहायची. नवरा शिरोलीला फौंड्रीत होता. काम महिन्यातले पंधरा दिवस, उरलेले पंधरा दिवस कट्ट्यावर. घरात सहा माणसं: नवरा, दीर, सासू, दोन मुलं आणि ती. एवढ्यांचा संसार पंधरा दिवसांच्या पगारात महिनाभर ओढायचा.

ती कसा ओढायची ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. अंगाच्या साबणाची वडी ती दोऱ्यानं तीन ठिकाणी कापायची आणि एकच तुकडा बाहेर ठेवायची. भाजीला जायची ती मंडई उठता उठता, जेव्हा विकणाऱ्यांना परत ओझं न्यायचं नसतं. कोथिंबिरीच्या काड्या आमटीत, दोडक्याच्या शिरा चटणीत. मंडईतून येताना रिक्षा तर नाहीच, बसही नाही. "बसला काय बसायचं, दोन पाय देवानं फुकट दिल्यात की," म्हणायची. शेजारणीचा स्टोव्ह पेटला असेल तर कागदाची सुरळी घेऊन जायची, काडी वाचवायला. तुमच्याही गल्लीत अशी एक बाई असेलच. तुम्हीही तिला हसला असाल.

बोलण्यात मात्र ती कुणाला ऐकायची नाही. एकदा रांगेतली एक बाई म्हणाली, "काय वैनी, त्ये फडकं धुवून त्येचं पानी बी न्या की. आमटीला हुईल."

हिनं थापट्या मारायचं थांबवलं नाही. "नेलं असतं की. पर अण्णांनी फडकं धुतलंय कवा? गिरणी काढल्यापास्नं त्येच हाय."

सगळ्या बायका माझ्याकडं बघून हसल्या. अण्णा म्हणजे मी. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, "ती चिकट बाई परत आली तर तिचं दळण शेवटी घेणार." बायको म्हणाली, "शेवटी घेतलं तर सगळी गिरणीच झाडून न्हेईल ती." आम्ही दोघं हसलो.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. एकदा तिच्या आधी पुढच्या रस्त्यावरच्या एका डॉक्टरीणबाईंचे गहू दळले होते. दगडात आधीच्याचं थोडं पीठ राहतंच, ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. तिच्या डब्यात ज्वारीच्या आधी पिवळसर गव्हाच्या पिठाचा थर उतरला. डॉक्टरीणबाई अजून रिक्षाची वाट बघत दारातच होत्या. हिनं ज्वारी उतरायच्या आतच डब्याच्या झाकणानं तो थर अलगद काढला आणि त्यांच्या डब्यात टाकला.

"अहो राहू द्या, मूठभर तर आहे," त्या म्हणाल्या.

"मूठभर झालं म्हणून काय, कुनाचं तरी आसतंयच की," ती म्हणाली.

मला तेही आवडलं नाही. दुसऱ्याचं एवढं मोजून परत करणाऱ्या माणसाला आपलंही मोजायची सवय असते, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी मनातून घाबरलो. घाबरायला कारण होतं.

गिरणीत घट येते. चार किलो धान्य टाकलं तर पीठ चार किलो येत नाही. थोडं हवेत उडतं, थोडं भिंतीला बसतं, थोडं दगडात राहतं. त्याला घट म्हणतात आणि त्याबद्दल कुणी भांडत नाही. संध्याकाळी झाडलोटीचं पीठ गिरणीवाल्यानं घरी न्यावं, म्हशीच्या आंबोणात घालावं, हा रिवाजच आहे. मी त्या रिवाजाच्या आडोशाला गेलो. एकदा झिजलेल्या दगडाला टाकी लावायला, म्हणजे तो टोचून पुन्हा खरबरीत करायला, चक्की उघडली होती, तेव्हा सोंडेच्या आत मी पत्र्याची एक पट्टी बसवली. जिभेसारखी वाकवलेली. आम्ही घरात तिला जीभच म्हणायचो. पीठ उतरताना त्यातलं थोडं जिभेवरून घसरून मागच्या पोकळीत पडायचं. बाहेर एक तार काढून ठेवली होती. ती ओढली की जीभ मिटायची आणि सगळं पीठ सरळ डब्यात. दळणाआधी वजन होतं, कारण पैसे किलोवर असतात. दळल्यावर पुन्हा वजन कोण करतं?

संध्याकाळी मी मागची फळी काढून ते पीठ गोळा करायचो. ज्वारी, गहू, तांदूळ, कधी हरभऱ्याची डाळ. सगळ्या गल्लीचं. आमच्याकडं म्हैस नव्हती. बायको त्याच्या भाकरी करायची. त्या भाकरीला कशाचीच चव नसायची. चिकट, मळकट रंगाची, मधेच डाळीचा उग्र वास. टाळूला चिकटून बसायची. ती मी कित्येक वर्षं खाल्ली, मिटक्या मारत खाल्ली. बायको शेजारणींना ताठ मानेनं सांगायची, "आमच्यात सहा म्हैनं झालं, पिशवीभर धान्य आणलेलं न्हाई. काटकसर कशी करायची त्ये आमच्या ह्यास्नी इचारा." मला एकट्याला कधी टोचलंच आणि मी काही बोललोच, तर म्हणायची, "आपण काय कुनाच्या घरात शिरून आणतोय व्हय?"

ती तिची काटकसर आणि ही आमची. किळस मला तिच्या काटकसरीची यायची.

जीभ बसवून महिना झाला असेल. एका दुपारी गिरणीत कुणी नव्हतं, तेव्हा ती रिकाम्या हातानं आली. पोत्यावर बसली नाही, उभीच राहिली.

"अण्णा, तीन भाकरी कुटं जात्यात वो?"

"कसल्या भाकरी?"

तिनं हिशोब सांगितला. हिशोब म्हणजे वही नव्हे, तिला लिहिता येत नव्हतं. चार किलो जोंधळा, घट सोडून त्याच्या बावन्न भाकरी. रोजच्या तेरा. नवऱ्याला तीन, दिराला तीन, सासूला दोन, मुलांना मिळून तीन, तिला दोन. चार दिवसांनी डबा रिकामा, की पुन्हा दळण. "पाच वर्सं झाली, एक इकडं न्हाई का तिकडं न्हाई. आन आता चौथ्या दिशी धाच हुत्यात."

"हात जड पडत असंल."

"मला बी तसंच वाटलं. म्हणून गोळं आदी मोजून ठेवलं. धाच."

"मग पोरं खात असतील मधीच."

"माझी पोरं इचारल्याबिगर बुट्टीला हात लावत न्हाईत."

भाकरीच्या बुट्टीचं, म्हणजे टोपलीचं, तिनं नाव काढलं आणि मग खाली बघून खरं ते सांगितलं. बुट्टीतल्या भाकरी सासू मोजायची. रोज, भाजून झाल्यावर, बोट लावून. चौथ्या दिवशी दहा निघाल्या तेव्हा सासूनं विचारलं, तीन कुठं पोचवल्यास? हिचं माहेर कागलच्या पलीकडचं, सीमेकडचं, घरात अर्धी कानडी. आईला ती अव्वा म्हणायची, सासूला आत्ती. नवऱ्यामागं अव्वा एकटीच होती. आठवड्यातून दोनदा भाजीचं गाठोडं घेऊन कोल्हापूरच्या मंडईत यायची, आणि परत जाताना लेकीच्या दारात पाच मिनिटं टेकायची. तांब्याभर पाणी प्यायची आणि यष्टीला जायची. सासूचं म्हणणं, त्या गाठोड्यातून भाकरी जातात.

"चौथ्या दिशी माझ्या दोन मी सोडती," ती म्हणाली, "तरी एक कमी पडती. पातळ थापून बगितल्या, तर आत्ती म्हणल्या, आता पापड खायाला घालतीस काय." एवढं बोलून ती हसली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मला काय पीठ भरून नगं अण्णा. तुमी आत्तींना एवडंच सांगा, गिरणीत घट वाडलीया म्हणून. तुमचं ऐकतील त्या. अव्वानं त्या घरात पान्याबिगर काय तोंडाला लावलेलं न्हाई वो."

"सांगतो की," मी म्हणालो.

सांगितलं नाही. घट वाढली असं मी एकदा तोंडानं म्हणालो असतो, तर दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली दळलेलं पीठ तराजूवर टाकायला लागली असती. निदान तिच्या दळणापुरती तार ओढायची, एवढं तरी मला करता आलं असतं. केलं नाही. आठ दिवस चांगलं वागलो तर आधी वाईट वागत होतो हे तिला कळेल, असं माझं डोकं चालत होतं. चोराचं डोकं असंच चालतं.

पुढच्या दळणाला सासू स्वतः आली.

उंच, काटक म्हातारी, कपाळभर इभूत. सून मागं डबा घेऊन. सकाळची वेळ, गिरणीत सात-आठ बायका. म्हातारी वळणावर दिसली तेव्हाच मी उठलो आणि पट्टा नीट करायच्या निमित्तानं तार ओढून टाकली. ज्वारी तोलली, चार किलो बरोबर. वर ओतली. दळण उतरलं. मी त्या दिवशी दगडात काही राहू दिलं नाही, बाजूनं ठोकलं, आणि सोंडेच्या फडक्यावर मीच थापट्या मारल्या. एवढ्या मारल्या की आधीच्या बाईचं राहिलेलंही सगळं खाली आलं.

"आता तोला," म्हातारी म्हणाली.

मी डबा रिकामा करून पीठ पारड्यात घातलं. समोर चार किलोची वजनं. पिठाचं पारडं खाली गेलं. मी वीस ग्रॅमचं वजन टाकलं तेव्हा काटा मधे आला.

म्हातारीला वजनातलं फार कळत नव्हतं. तिला एवढंच दिसलं की पीठ कमी नाही. तिनं मला विचारलं, सगळ्यांच्या देखत, "गिरणीवालं, तुमच्यात घट येती का?"

आता तुम्ही म्हणाल, इथं तरी. या प्रश्नाला कुठल्याही गिरणीवाल्याचं खरं उत्तर 'येते' हेच आहे. घट सगळीकडं येते. ते सांगायला मला चोरी कबूल करायची गरज नव्हती. फक्त 'व्हय, थोडी येती की मावशी' एवढं म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "आमच्यात घट न्हाई."

"अण्णा," सून म्हणाली. ती तराजूच्या काट्याकडं बघत होती. आवाज अगदी साधा, खरंच काही विचारायचं असल्यासारखा. "जोंधळ्यापरास पीठ जास्त आलं की."

बायका हसायला लागल्या. कमी आलं तर तक्रार, जास्त आलं तरी तक्रार. मीही हसलो. "हवा लागून फुगतंय," म्हणालो.

"मग मागल्या येळंला कमी कसं आलतं?"

तिचे डोळे माझ्यावर होते. त्या सात-आठ बायकांत, त्या आवाजात, एका माणसाला सगळं कळलं होतं आणि ते माणूस माझ्याकडून फक्त एका शब्दाची वाट बघत होतं. मी तिच्यावर ओरडलो.

"मागल्या येळंचं आमाला काय इचारता? घरात बगा!"

म्हातारी सगळ्या बायकांकडं वळली, हात पसरून म्हणाली, "ऐकलं न्हवं?" आणि पुढं निघाली. सुनेनं पीठ डब्यात भरलं. त्या दिवशी तिनं फडक्याला हात लावला नाही. पारड्याला चिकटलेलं पीठ तसंच ठेवून ती गेली. ते पीठ मी संध्याकाळी घरी नेलं.

त्यानंतर दळणाला सासूच यायची. तिच्या प्रत्येक दळणाला मी तार ओढायचो. भीतीनं. मग काय झालं असेल, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. दळण सासूनं आणलं की भाकरी बावन्न व्हायच्या, एकही कमी नाही. आधी सून आणायची तेव्हा एकोणपन्नास. याहून मोठा पुरावा कुठल्या कोर्टात लागतो? जेवढ्या वेळा मी तिचं दळण इमानानं दळून दिलं, तेवढ्या वेळा ती चोर ठरत गेली. सासू रांगेत उभी राहून सांगायची, "माझ्या हातात डबा आल्यापास्नं बगा कसं बरोबर हुतंय." पिठाच्या डब्याला तिनं कुलूप घातलं. सगळ्यांची जेवणं झाल्यावर सुनेला हातात दोन भाकरी मोजून मिळायच्या. हे मला कुणी मुद्दाम सांगितलं नाही. गिरणीत सगळ्या घरांतलं सगळं कळतं.

एका उन्हाच्या दिवशी अव्वा गिरणीत आली. मी तिला ओळखत नव्हतो. काळी, सुकलेली बाई, डोक्यावर रिकाम्या बुट्ट्या एकात एक घातलेल्या. "पावणं, माझी लेक येती न्हवं हितं दळपाला?" म्हणाली. मग मला कळलं.

"आता ती येत न्हाई. सासू येती."

"आस्सं?" तिनं बुट्ट्या उतरवल्या. "मग जरा बसती. येखाद्या वेळंस यील."

ती पोत्यावर बसून राहिली. लेकीच्या दारात ती आता जात नव्हती. तीन दारांवर घर होतं. "मी त्या घरात पान्याबिगर काय घेतलेलं न्हाई," ती म्हणाली, मला नव्हे, समोरच्या भिंतीला. तासभर बसली. जाताना बुट्टीच्या तळातून मेथीची एक जुडी काढून माझ्यासमोर ठेवली. "लेकीला द्या. न्हाई आली तर तुमच्या घरात करा. वाळून जाती, काय करायचं."

मी ती जुडी पोचवली नाही. आम्ही केली. चोरलेल्या पिठाची भाकरी आणि त्या बाईच्या मेथीची भाजी. मी ती खाल्ली. यापेक्षा घाण गोष्ट मी आयुष्यात केलेली नाही, आणि त्या दिवशी मला ती चविष्ट लागली, हेही लिहून ठेवतो.

दीडेक वर्षानं गल्लीत बातमी आली की तिची आई गेली. मधल्या काळात ती लेकीच्या दारात एकदाही आली नव्हती.

इथं मला असं सांगता आलं असतं, की त्या दिवशी मी जीभ उपटून फेकली. फेकली नाही. तशीच राहिली. त्यांची खोली सुटली, नवऱ्याला कागलकडं नव्या कारखान्यात काम लागलं आणि ते सगळे तिकडं गेले, तेव्हाही ती सोंडेत होती. मग दोन हजार सालानंतर दळणं कमी झाली. लोक तयार पिठाच्या पिशव्या आणायला लागले, काहींनी घरातच छोट्या चक्क्या घेतल्या. मी चक्की मोडीत काढली. ती उचलायला आलेल्या माणसानं सोंड उघडली, पट्टी आणि तार बाहेर काढली, बोटांत धरून फिरवून बघितली.

"पावणं, ह्ये काय?"

"काय न्हाई. पत्रा हाय," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं होतं. पचकन बाजूला थुंकला आणि पट्टी बाकीच्या भंगारात टाकली. बायको दारात उभी होती, ती आत निघून गेली. पत्ता काढून तिसऱ्या दिवशी मी कागलच्या यष्टीत बसलो.

एका ओळीत सहा-सात खोल्या. तिचं दार उघडंच होतं. ती खाली बसून तांदूळ निवडत होती. केस पांढरे झाले होते. आतल्या बाजूला खाटेवर म्हातारी पडलेली. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. तिनं मला लगेच ओळखलं, पण उठली नाही.

"वैनी," मी म्हणालो. आवाज अगदी खाली होता. "त्या गिरणीतलं. सोंडेत मी पत्रा बसवलता. पीठ मी काढून घेत हुतो."

ती खडे वेचत राहिली. "मला कशाला सांगताय?"

मी चपला काढल्या.

"आत्तींना सांगा," ती म्हणाली.

मी आत गेलो. खाटेशी वाकून तेच परत सांगितलं. म्हातारीनं डोळे उघडले. "आं?"

"मोट्यानं सांगा," मागून आवाज आला. "त्येंना कमी ऐकू येतंय."

मी आवाज चढवला. "मावशी, पीठ मी काढून घेत हुतो."

"कोन आलंय?" म्हातारी म्हणाली. "पीठ संपलं?"

"आनी मोट्यानं," ती म्हणाली. आता ती उठून दारात उभी होती. माझ्या आणि बाहेरच्या मधे. तिच्या आवाजात राग नव्हता. चुलीवर दूध बघा म्हणावं तसं ती बोलत होती.

मग मी ओरडलो. "मावशी, मी गिरणीवाला! राजारामपुरीतला! तुमच्या पिठातलं पीठ मी चोरलं! तुमच्या सुनेनं न्हाई! तिच्या आईनं न्हाई! मी चोरलं!"

शेजारच्या खोल्यांतल्या बायका बाहेर आल्या. समोर दोरीवर कपडे वाळत घालणारा एक माणूस हातात ओला टॉवेल घेऊन तसाच थांबला. ती दारातून बाजूला झाली नाही. त्या लोकांकडं तिनं बघितलं, मग माझ्याकडं.

म्हातारीचे डोळे छताला लागले होते. ओठ हलत होते. तिनं पांघरुणातून हात बाहेर काढला आणि अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत गेली.

"तीन," ती म्हणाली. "तीन भाकरी."

"व्हय मावशी."

"मग हिच्या आईनं न्हेल्या न्हाईत?"

"न्हाई."

म्हातारीनं मान सुनेकडं वळवली. "आगं, मग तिला यायला सांग की. किती दिस झालं, फिरकली न्हाई. रागावली आसंल. म्हणावं, च्या पिऊन जा."

मी सुनेकडं बघितलं नाही. मला ते जमलं नाही.

"सांगती आत्ती," ती म्हणाली.

ती खाटेजवळ गेली, म्हातारीचा हात पांघरुणात घातला, कडा दाबून बसवली. मग मला म्हणाली, "जावा आता अण्णा. यष्टी चुकंल."

आमच्याकडं दारात आलेल्या वैऱ्यालाही चहा विचारतात. न विचारता कुणी कुणाला लावून देत नाही. आत स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलेलं होतं, ते उकळत होतं, मला दिसत होतं. मी बाहेर आलो, चपला घातल्या. कपडे वाळत घालणारा माणूस माझ्याकडं टक लावून बघत होता. त्याच्या समोरून जायला दुसरी वाट नव्हती.

कोपऱ्यावर जाऊन मी वळून बघितलं. ती उंबऱ्यावर बसली होती, पाय बाहेर सोडून. बशीत ओतलेल्या चहावर फुंकर घालत होती. शेजारच्या बायका तिच्याभोवती गोळा झाल्या होत्या, काहीतरी विचारत होत्या. बशी संपेपर्यंत तिनं कुणाला उत्तर दिलं नाही.